वर्तुळातील जागा

होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांच्या नावांची आद्याक्षरे घेऊन बंगळूरच्या दक्षिणेस एचएसआर लेआउट ही वसाहत उभी राहिली. संगणक-व्यवसायातील तरुणांची ही नगरी. येथे ओळख होताना नावामागोमाग हुद्दा विचारला जातो. मनाच्या आजाराने ज्याची नोकरी सुटली, त्याने काय सांगावे?

येथून फार दूर नाही ती निम्हान्स ही संस्था. जुने मनोरुग्णालय आणि १९५४ सालची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून ती १९७४ साली आकारास आली. अशा ठिकाणच्या औषधांनी भास मावळतात, झोप येऊ लागते. घरी परतल्यावर मात्र निराळेच दुखणे सुरू होते. पैशाचे पाकीट त्याच्या हाती देत नाहीत; पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवितात. हे मायेपोटीच घडते; परंतु आपण कोणाच्याही उपयोगाचे नाही, अशी त्याची खात्री त्या मायेनेच पटते.

या दुखण्यावर समूहोपचार उपयोगी पडतो. त्याचा उगम मनोरुग्णालयातला नव्हे. १९०५ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रोग्यांना पथ्यपाणी शिकविण्यासाठी एकत्र बसविले आणि एकमेकांच्या सोबतीनेच त्यांना धीर येतो, असे दिसून आले.

आठदहा माणसे वर्तुळात बसतात. सूत्रधार असतो, पण तो व्याख्यान देत नाही. एकजण म्हणतो, "गोळ्यांनी हात थरथरतो, म्हणून मी चारचौघांत चहा घेत नाही." दुसरा सांगतो, "कप अर्धाच भरून घ्यावा." एवढेच! पण महिनोन्महिने केवळ उपदेश ऐकलेल्या माणसाचा सल्ला आज कोणी तरी घेतलेला असतो. शंभर शाबासक्यांनी जे साधत नाही, ते येथे साधते. अर्थात औषधांना हा पर्याय नव्हे. आणि ज्याचे भास अजून तीव्र आहेत, त्याला घाईने या बैठकीत बसवू नये.

मराठी मुलुखात ही वाट पुण्याने चोखाळली. पत्नीचे असेच दुखणे सोसलेले कॅनडातील प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने तेथे १९९७ साली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. तिच्या स्वमदत गटात काळजी घेणारा तो 'शुभंकर' आणि रुग्ण तो 'शुभार्थी'. रुग्ण या शब्दात केवळ दुखणे आहे; शुभार्थी म्हणजे शुभाची इच्छा धरणारा, ज्याला अजून काही हवेसे वाटते असा माणूस.