पेप म्हणजे मिरी

मध्यंतरी बचत गटाच्या एका प्रशिक्षणात सर म्हणाले, "बैठकीच्या आधी बायकांना जरा पेप टॉक देत जा." मी मान डोलावली आणि घरी येऊन शब्दकोश काढला. पेप म्हणजे हुरूप, तरतरी.

हा शब्द आला कुठून, ते ऐका. मिरीला इंग्रजीत पेपर म्हणतात. त्याचाच तुकडा तोडून अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेप हा शब्द रूढ झाला. मिरीने जेवणाला जी तरतरी येते, तीच माणसाच्या अंगी आली की त्याच्यात पेप आहे, असं म्हणायचं. आणि पेपर हा शब्द मुळात आपलाच! सुंठ, मिरी, पिंपळी म्हणतो ना, त्यातली पिंपळी. संस्कृतात पिप्पली. मसाल्याच्या व्यापाराबरोबर ती ग्रीकांकडे पेपेरी झाली, लॅटिनमध्ये पिपेर, आणि इंग्रजीत पेपर.

खेळाडूंना सामन्याआधी धीर देणारे दोन शब्द म्हणजे पेप टॉक. ठेक्याचं गाणं म्हणजे पेपी गाणं. शब्द गप्पांमधला आहे, बँकेच्या अर्जात लिहू नका.

तर मीही बैठकीत पेप टॉक सुरू केला. आमच्या गटातली एक ताई सारखी भिंतीला टेकून बसायची. तिला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, जरा हुरूप दाखवा की!" ती नुसती हसली. पुढच्याच आठवड्यात गावात रक्ततपासणी झाली. तिचं हिमोग्लोबिन निघालं 8. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान 12 तरी हवं. चार पायऱ्या चढताना धाप लागत होती तिला, आणि मी हुरूप मागत होते! मी घरी जाऊन तिची माफी मागितली. आता तिचे उपचार सुरू आहेत, लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

मैत्रिणींनो, मिरी चवीपुरती. ताटात भाकरीच नसेल तर ती कशावर घालणार? गटातली एखादी गप्प, मरगळलेली दिसली, तर आधी शेजारी बसून विचारा, "जेवलीस का? झोप लागते का? रक्त कधी तपासलंस?" गरज वाटली तर तिच्याबरोबर आरोग्य केंद्रात जा. पेप टॉक त्यानंतर.

येते. नमस्कार.