नकोसे गोंदण : ते काढण्याचे उपाय आणि त्यांचा खर्च
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात एका त्वचारोगतज्ज्ञ सभासदाने दिलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी कित्येकांना हसू आले असेल. शिक्षण, वसतिगृह, विवाह, शिष्यवृत्ती हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला गोंदण कसे येऊन बसले, असे आपल्या चिटणीसांनीही मला विचारले. त्याचे उत्तर देताना मला माझ्याच एका चुकीची कबुली द्यावी लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक तरुण माझ्या शेजारी बसला होता. सैन्यभरतीची तो तयारी करीत होता. त्याच्या दंडावर इंग्रजी अक्षरांत एक नाव गोंदलेले होते. त्याने हळूच विचारले, "काका, हे जाईल का हो?" मी हसलो आणि म्हणालो, "आधी भरती तर होऊ दे, मग बघू." अलीकडच्या वर्षांतील सैन्यभरतीच्या जाहिरातींत कायमचे गोंदण केवळ हाताच्या आतल्या बाजूस, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागील बाजूसच चालेल, असे स्पष्ट म्हटलेले असते, आदिवासी समाजांच्या परंपरागत गोंदणास तेवढी सवलत आहे. हे त्या मुलास ठाऊक होते. मी मात्र ते विचारलेच नाही. भरतीस दोन महिने उरले असता त्याने एका मित्राच्या सांगण्यावरून दंडावर ॲसिड लावले. अक्षरे अर्धवट पुसली गेली आणि त्यांच्या जागी लाल, जाड, खाजणारा व्रण उठला. आम्ही त्यास कीलॉइड म्हणतो. त्या व्रणावर इंजेक्शने देण्यात पुढचे वर्ष गेले. त्याच्या वडिलांनी मला एवढेच म्हटले, "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही दोन शब्द सांगितले असते, तर बरे झाले असते." ते दोन शब्द मी आज सर्वांसमक्ष सांगत आहे.

प्रथम गोंदण जात का नाही, ते पाहू. आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो आणि साधारण महिन्याभरात नवा होतो. शाई तेवढ्यातच राहिली असती, तर महिन्यात नाहीशी झाली असती. परंतु गोंदणारणीची सुई काय किंवा आजच्या दुकानातील यंत्राची सुई काय, शाई खालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत, पोहोचविते. तेथे शरीरातील भक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. कण मोठे असल्यामुळे त्यांना ते पचवता येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की अशी एखादी पेशी मेली, तर तिने सोडलेले कण नव्या पेशी पुन्हा उचलून घेतात. मेल्यावर अंगावरचे सारे दागिने उतरवितात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी आपल्या आज्यांची श्रद्धा होती. गोंदणाच्या टिकाऊपणाविषयी त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. जे औषध केवळ वर चोळावयाचे असते, ते शाईपर्यंत पोहोचत नाही; आणि जे पोहोचते, ते मधली त्वचा जाळूनच पोहोचते. चुना, ॲसिड आणि 'टॅटू घालविणारी' म्हणून विकली जाणारी मलमे यांविषयी याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. मीठ चोळून कातडी खरवडण्याचा उपायही फार जुना आहे. सहाव्या शतकातील एटियस नावाच्या ग्रीक वैद्याने त्याचे वर्णन केलेले आहे. चौदा शतके लोटली तरी त्याचा दोष तोच आहे. शाई थोडी जाते आणि व्रण मात्र कायमचा राहतो.

आता विचार करण्याजोगे उपाय दोन उरतात : शस्त्रक्रिया आणि लेसर.

शस्त्रक्रियेत गोंदलेली त्वचा कापून काढतात आणि कडा टाक्यांनी जुळवितात. गोंदण लहान असेल व त्या जागची त्वचा सैल असेल, तर हा उपाय उत्तम. एका बैठकीत सर्व रंग जातो. मागे एक सरळ रेघ राहते. गोंदण मोठे असेल, तर टप्प्याटप्प्याने कापावे लागते किंवा दुसरीकडची त्वचा आणून लावावी लागते. छाती आणि खांदा येथे जाड व्रण उठण्याचा संभव अधिक असतो. ज्यांना पूर्वी असा व्रण उठला असेल त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

लेसरचा शोध १९६० मधला. थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला लेसर चालविला. त्याच दशकात लिऑन गोल्डमन या डॉक्टरांनी तो गोंदणावर वापरून पाहिला. परंतु या उपचारास खरे शास्त्रीय अधिष्ठान मिळाले ते १९८३ मध्ये. अँडरसन व पॅरिश या दोघा शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की योग्य रंगाचा प्रकाश अत्यंत अल्पकाळ टाकला, तर हवा तोच कण तापतो आणि शेजारची त्वचा बचावते. आजचे क्यू-स्विच्ड लेसर या तत्त्वावर चालतात. त्यांचा झोत काही नॅनोसेकंद टिकतो; नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग. तेवढ्यात शाईचा कण फुटतो. पुढचे काम शरीर करते : भक्षक पेशी ते बारीक तुकडे उचलतात आणि ते हळूहळू लसिकावाहिन्यांतून दूर जातात. या कामास वेळ लागतो, म्हणूनच दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. ही घाई पैशाने विकत मिळत नाही.

आपल्या सावळ्या वर्णाच्या लोकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्या त्वचेतच रंगद्रव्य अधिक असल्यामुळे चुकीच्या लेसरने तेच जळते आणि पांढरे किंवा काळे डाग पडतात. आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर सर्वांत सुरक्षित. काळी व निळसर काळी शाई त्याला चांगली दाद देते. हिरवा रंग चिवट असतो, पिवळा त्याहून चिवट. पांढऱ्या व त्वचेच्या रंगाच्या शाईवर लेसर पडताच ती कधीकधी काळी होते; यास्तव आधी लहानशा ठिकाणी चाचणी घ्यावी. काजळीने केलेले जुने घरगुती गोंदण बहुधा थोड्या बैठकांत फिके पडते. दुकानातील दाट, बहुरंगी टॅटूस आठ-दहा किंवा त्याहून अधिक बैठका लागू शकतात. पिकोसेकंद लेसर हा याहून नवा. त्याचा झोत आणखी अल्पकाळ टिकतो आणि काही गोंदणांस बैठका कमी लागतात. पण प्रत्येक बैठक महाग असते.

आता खर्च. आपली मंडळी एका बैठकीचा दर विचारतात आणि निघून येतात. चूक येथेच होते. प्रश्न संपूर्ण कामाचा विचारावा. समजा, एका नॅनोसेकंद लेसरच्या बैठकीस २,५०० रुपये पडतात आणि आठ बैठका लागतात. ते झाले २०,००० रुपये. गावाहून शहरात येण्याजाण्याचे दर खेपेस ६०० रुपये धरले, तर ४,८०० आणखी, एकूण २४,८००. पिकोसेकंद लेसरच्या बैठकीस ६,००० रुपये आणि बैठका पाच धरल्या, तर प्रवासासह ३३,००० होतात. त्याच लहान गोंदणाची शस्त्रक्रिया १५,००० रुपयांत झाली आणि टाके काढण्यासह दोन खेपा पडल्या, तर १६,२०० मध्ये काम आटोपते. हे आकडे मी केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. दर गावोगावी व गोंदणाच्या आकाराप्रमाणे निराळे असतात. बुडालेला रोज ज्याचा त्याने यात मिळवावा. आरोग्यविम्यातून सौंदर्यासाठीच्या उपचाराचा खर्च सामान्यतः मिळत नाही. काही वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लेसर आहे व तेथे दर पुष्कळ कमी असतो. तेथे आधी चौकशी करावी.

पैशाहून मोठा हिशेब वेळेचा. आठ बैठकांमध्ये सात अंतरे येतात. सहा आठवड्यांप्रमाणे बेचाळीस आठवडे, आठांप्रमाणे छप्पन्न. म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांपासून एका वर्षाहून अधिक. ज्याला भरतीस किंवा नोकरीस जावयाचे आहे, त्याने जाहिरात निघण्याची वाट न पाहता निदान दीड वर्ष आधी डॉक्टरांकडे यावे. दोन महिन्यांत गोंदण घालवून देतो असे जो म्हणतो, त्याच्या पायऱ्या चढू नयेत.

उपचारापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. यंत्र कोणते आणि तरंगलांबी किती? ते डॉक्टर स्वतः चालविणार काय? अंदाजे बैठका किती आणि एकूण खर्च किती? चाचणी घेणार काय? केस काढण्याच्या प्रकाशयंत्राने गोंदण काढू देऊ नये. त्याने त्वचा भाजते. लेसरच्या वेळी डोळ्यांवर संरक्षण असलेच पाहिजे. नंतर फोड आल्यास तो फोडू नये आणि ती जागा उन्हापासून जपावी. आणि हे सर्व केल्यावरही पुसट सावली राहू शकते, हे आधीच मान्य करावे.

शेवटी ज्याविषयी कोणी मला विचारीत नाही, ते सांगतो. गेल्या वर्षी एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. नातीच्या मनगटावर टॅटू होता आणि मुलीला पाहावयास पाहुणे येणार होते. तिच्या आईला तो आठवड्याभरात जावयास हवा होता. मुलगी खाली मान घालून बसली होती. आजींच्या कपाळावर हिरवट ठिपका आणि हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले होते. मी विचारले, "आजी, तुमचेही काढायचे का?" त्या म्हणाल्या, "माझं मी बरोबर घेऊन जाणार आहे, बाबा. हिचं हिला नको असेल तरच काढ. पाहुण्यांना नको म्हणून नको." मी मुलीला विचारले. तिने मान हलविली आणि टॅटू राहिला. ते स्थळ पुढे जुळले की नाही, हे मी सांगणार नाही, कारण माझ्या मते तो येथे प्रश्नच नव्हता.

ज्या मुलाने ॲसिड लावले, त्यालाही भीती होती ती घरच्यांच्या बोलण्याची आणि खर्चाची. म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे की विद्यार्थी सहाय्यक निधीतून, नोकरीसाठी ज्यांना गोंदण काढणे भाग आहे अशा गरजू तरुणांस बिनव्याजी कर्ज द्यावे. आणि पालकांस विनंती, की मुलाने लाजत लाजत हा प्रश्न विचारला तर रागावू नये. मी हसलो होतो. आपण हसू नये. कोणाही ज्ञातिबंधूच्या मुलामुलींना मी याबाबत विनामूल्य सल्ला देईन, हे आज आपणांसमोर वचन देतो.