महारोहिणी आणि तालुक्याचा दवाखाना



स्वागताध्यक्ष हा परिषदेतला असा मनुष्य असतो की ज्याच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवीत नाही, आणि न्याहारीला उशीर झाला तर मात्र ज्याचा शोध सर्वजण घेतात. तेव्हा जन्मभर सामान्य वैद्यकाचा व्यवसाय केलेल्या आणि गळू फोडण्याच्या सुरीपलीकडे कोणतेही शस्त्र हाती न धरलेल्या माझ्यासारख्याची, हृदय व महारोहिणी यांच्या अतिकठीण शस्त्रक्रियांचा विचार करणाऱ्या या परिषदेच्या स्वागताध्यक्षपदी योजना झाली, यात संयोजकांचा काही हेतू असावा असे मी धरून चाललो आहे. तो त्यांनी मला सांगितला नाही, म्हणून मीच तो माझ्या सोयीने ठरवला आहे, आणि थोड्या वेळाने आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम रिवाजाप्रमाणे गावाविषयी. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, आणि पुढे कृष्णाकाठच्या व कर्नाटक सीमेवरच्या खेड्यापाड्यांत, रोग्याला गावात गुण येईनासा झाला म्हणजे ‘मिरजेला न्या’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा शेवटचा हुकूम ठरून गेला. गावाची दुसरी कीर्ती तंतुवाद्यांची. आज सायंकाळी बैठकी आटोपल्यावर ज्यांना फुरसत असेल त्यांनी सतारमेकर गल्लीत एक फेरी अवश्य मारावी, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जेथे विसावले आहेत तेथेही क्षणभर थांबावे. उतरण्याच्या जागा साध्या आहेत. जेवणात तिखट कमी घालण्याची ताकीद मी आचाऱ्यांना दिली आहे, पण ती त्यांनी कितपत मनावर घेतली हे दुपारीच कळेल.

आता आपल्या विषयाकडे वळतो. हृदयातून निघून, कमानीसारखी वळून, छातीतून पोटात उतरणाऱ्या या महारोहिणीची भिंत तीन पदरांची असते, आणि रक्तदाबाच्या नित्य माऱ्याने, जन्मजात दोषाने किंवा मार्फान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराने ती दुबळी झाली म्हणजे आतल्या पदराला चीर पडून, भिंतीचा गिलावा सुटावा आणि पावसाचे पाणी त्याच्या आत उतरत जावे तसे रक्त दोन पदरांच्या मधून वाट काढीत जाते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी शौचकूपात गेला आणि तेथेच कोसळून मरण पावला. पानिपतच्या रणसंग्रामाला त्या वेळी तीन महिनेही उरले नव्हते. राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी प्रेत उघडून पाहिले तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने भरलेली आणि महारोहिणीला चीर गेलेली आढळली. आपल्या व्याधीच्या इतिहासातली ही पहिल्या काही स्पष्ट नोंदींपैकी एक. ज्याच्या दाराशी देशातले उत्तमोत्तम वैद्य हात जोडून उभे असत, त्याच्यासाठीही करण्यासारखे काही नव्हते, आणि पुढची जवळजवळ दोनशे वर्षेही ते नव्हते.

ते आले विसाव्या शतकाच्या मध्यास. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुसयंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावरची शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि त्याच सुमारास ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी रोहिणीच्या जागी बसवण्याजोगी कापडी नळी शोधीत होते. ते दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपले होते, तेव्हा दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले. लहानपणी आईकडून शिवण शिकलेल्या या शल्यविशारदाने ते घरी नेऊन पत्नीच्या शिलाई यंत्रावर स्वतः नळ्या शिवल्या. आज आपण ज्या नळ्या वापरता त्यांचे कुळ या शिवणकामापर्यंत जाऊन पोहोचते. १९६८ साली लंडनमध्ये ह्यू बेन्टॉल व अँटनी डी बोनो यांनी झडप आणि नळी एकत्र जोडून महारोहिणीचे मूळच बदलले; पुढे मॅग्डी याकूब आणि टोरोंटोचे टिरोन डेव्हिड यांनी रोग्याची स्वतःची झडप राखून हेच काम करण्याच्या रीती बसवल्या. मांडीच्या रोहिणीतून आत सरकवलेल्या जाळीदार नळीने छाती-पोट न उघडता हीच डागडुजी करण्याचा मार्ग खारकीव्हचे व्होलोदोस आणि ब्यूनोस आयरेसचे पारोदी यांनी खुला केला, त्याची चर्चा उद्याच्या सत्रांत आपण माझ्याहून अधिकाराने करालच.

मला स्वतःला, प्रेक्षक म्हणून, सर्वांत थरारक वाटतो तो कमानीच्या शस्त्रक्रियेतला एक क्षण. मेंदूकडे जाणाऱ्या शाखा जेथून फुटतात तो भाग बदलायचा म्हणजे वाहत्या रक्तात टाके घालता येत नाहीत. म्हणून यंत्राद्वारे रोग्याचे सारे शरीर थंड केले जाते, एके काळी १८-२० अंश सेल्सिअसपर्यंत आणि आता पुष्कळदा २५ ते २८ अंशांपर्यंत, आणि मग यंत्र थांबते. पडद्यावरची हृदयाची रेषा तर केव्हाच सपाट झालेली असते. आता रक्तदाबाचा आकडाही खाली येतो. उजव्या गळपट्टीच्या हाडाखालच्या रोहिणीतून फक्त मेंदूपुरती रक्ताची एक धार चालू असते, भूलतज्ज्ञ भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मिनिटे मोठ्याने सांगत असतो, आणि शल्यविशारद खालच्या मानेने टाके घालीत असतो. शास्त्राच्या भाषेत हा केवळ ‘रक्ताभिसरणाचा विराम’ आहे. रोग्याच्या बायकोला बाहेरच्या बाकावर ते कोणी सांगत नाही हे एका परीने बरे.

आपल्या भूमीतही या विषयाचे मोठे काम झाले आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाउनच्या पहिल्या हृदयारोपणानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, भारतातले पहिले हृदयारोपण केले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे, विकृतिशास्त्रज्ञ किणारे, केळकर व परुळकर या सहकाऱ्यांसह १९७३ साली प्रसिद्ध झालेले, महारोहिणी व तिच्या शाखा यांच्या दाहावरचे १०१ रोग्यांचे अध्ययन. जपानी नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ साली डोळ्यातल्या खुणांवरून ज्याचा माग काढला तो हा विकार विशेषतः तरुण स्त्रियांना गाठतो, आणि हाताची नाडी लागेनाशी करून टाकतो. आरोपणाला वर्तमानपत्रांचे मथळे लाभले. हे अध्ययन ग्रंथालयाच्या कपाटात गेले. पण ज्या डॉक्टराने ते वाचले, त्याला पुढे आयुष्यभर तरुण बाईच्या दोन्ही हातांची नाडी पाहिल्यावाचून चैन पडले नसेल.

आणि येथेच माझा हेतू उघड करतो. समजा, जत तालुक्यातला एक पन्नाशीचा शेतकरी आहे. रक्तदाबाची गोळी त्याने बरे वाटते म्हणून सहा महिन्यांपूर्वी सोडली आहे. पहाटे मोटार सुरू करायला विहिरीवर गेला असता पाठीत, दोन फऱ्यांच्या मध्ये, कोणी चिरावे तशी कळ येते. तालुक्याच्या दवाखान्यात छातीची पट्टी निघते. ती कधी निर्दोष असते, कधी फसवी. ‘अटॅक आहे’ असे ठरून रक्त पातळ करणारी, किंवा गुठळी विरघळवणारी औषधे दिली जातात. हृदयविकाराच्या झटक्यात जी औषधे प्राण वाचवतात तीच येथे प्राणावर बेतू शकतात. महारोहिणीच्या वरच्या भागाचे पदर सुटलेल्या रोग्याच्या मृत्यूचा धोका, उपचार न झाल्यास, पहिल्या दोन दिवसांत ताशी १ ते २ टक्क्यांनी वाढतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. आणि तेवढ्यात नातेवाइकांची शिधापत्रिकेची झेरॉक्स, गाडीची तजवीज आणि पुण्याला न्यावे की मुंबईला याचा खल चालू असतो.

त्या वेळी कोणी दोन्ही दंडांना पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि एका हातापेक्षा दुसऱ्या हातात २० अंकांचा फरक दिसला, तर रोगाचा पत्ता लागण्याचा संभव पुष्कळ वाढतो. फरक न दिसला म्हणून शंका सोडावी असे नाही. कळ एकाएकी, पहिल्याच क्षणी कमाल तीव्रतेने आली का, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. पण यांतल्या कशालाही यंत्रसामग्री लागत नाही. खुद्द डिबेकींना २००५ सालच्या अखेरच्या दिवशी, वयाच्या ९७ व्या वर्षी, हीच कळ आली. पुढे त्यांच्याच रीतीची शस्त्रक्रिया त्यांच्यावर त्यांच्याच सहकाऱ्यांनी केली आणि ते त्यानंतर दोन वर्षांहून अधिक जगले. त्यांना आपल्या कळेचे नाव ठाऊक होते. जतच्या शेतकऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. ते त्याच्या डॉक्टराला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून उद्या दुपारचे संपूर्ण सत्र आम्ही तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी राखून ठेवले आहे. अशा उच्च कोटीच्या परिषदेत याला जागा कशाला, असा प्रश्न दोघा-तिघांनी पत्राने विचारला. त्यांना मी उत्तर दिले नाही, कारण ते समोर बसलेले असतील तेव्हाच द्यावे असे ठरवले होते. आपला रोगी आपल्याकडे येतो तो यांच्या हातून येतो, आणि झडप बसवून, रक्त पातळ ठेवणारी गोळी व महिन्याच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन परत जातो तोही यांच्याचकडे. तिरुवनंतपुरमच्या चित्रा संस्थेची झडप १९९० सालापासून आपल्या देशात बसते आहे, ती परदेशीपेक्षा स्वस्त आहे. पण दात काढण्याच्या आधी त्या गोळीचे काय करावे हे विचारायला बाई येते ती गावच्याच दवाखान्यात. त्या सत्राच्या अखेरीस आपण सर्वांनी मिळून एका पानाची, मराठीत व कानडीत, एक सूचना तयार करावी: संशय केव्हा घ्यावा, कोणती औषधे रोखावी, रक्तदाब कसा उतरवावा, आणि रात्री दोन वाजता फोन कोणाला करावा. त्या पानावर दूरध्वनीचे क्रमांक मात्र खरोखरी उचलले जाणारे असावेत. ते छापण्याचा व प्रत्येक तालुक्यात पोहोचवण्याचा खर्च स्वागतसमिती सोसेल.

आपणा सर्वांचे मी मिरजकरांच्या वतीने पुनश्च स्वागत करतो, आणि अध्यक्षमहाशयांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे अशी त्यांना विनंती करतो.