हाताला काम, डोक्याला प्रश्न

वर्ग रंगला म्हणजे मुले शिकली, असे आपण सहज धरून चालतो. कृतीतून शिकवण्याचे कौतुक करणारे आणि त्याला पोरखेळ म्हणणारे, दोघेही वर्गातला गलबलाच मोजतात. खरे तर मुलाचे लक्ष नुसत्या साहित्याने टिकत नाही. ‘आता काय होईल?’ याचा अंदाज त्याने आधी बांधला असेल, तरच ते टिकते. सहावीतल्या मुलाला विजेरीचा एक सेल, छोटा बल्ब आणि तारेचा एकच तुकडा द्या. पुष्कळ मुले बल्ब सेलच्या टोपीवर टेकवून वाट पाहतात. कोणी तारेने सेलची दोन टोके जोडतो. तार तापते, बल्ब लागत नाही. बल्बचे बूड टोपीवर आणि सेलच्या तळापासून आणलेली तार बल्बच्या धातूच्या कडेला, असे जुळले की तो लागतो. हीच जोडणी आधी फळ्यावर काढून दिली, तर बल्ब लागेल, पण प्रश्न पडणार नाही. आधी वहीत अंदाज काढायला लावला, तर चुकलेले चित्रच विद्युत परिपथ शिकवून जाते.

याला पुरावा आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. २०१९ साली हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांत आणखी एक गोष्ट दिसली. डोके चालवावे लागलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, पण चाचणीत गुण त्यांनाच जास्त मिळाले. म्हणजे मुलांना वर्ग आवडला की नाही, एवढ्यावरून त्याची पारख करता येत नाही.

आक्षेप असा की, मुलांना मोकळे सोडले तर ती भरकटतात. आक्षेप बरोबर आहे. नवशिक्याला मार्गदर्शन लागतेच. पण नेमका प्रश्न विचारणे आणि शेवटी निष्कर्ष पक्का करून घेणे हेही मार्गदर्शनच आहे, आणि ते व्याख्यानाहून अवघड आहे. खर्चाचा आक्षेप मात्र टिकत नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढे पुण्यात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी तिथेच आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांतून भूमितीचे आकार उभे केले.

राहिला अभ्यासक्रम पुरा न होण्याचा आक्षेप. त्याचे मूळ परीक्षेत आहे. होशंगाबादने हे ओळखून परीक्षेत पुस्तक उघडायला मुभा दिली आणि प्रयोगांनाही गुण ठेवले. शिक्षकांच्या मासिक बैठकाही होत. उपक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ साली सरकारने बंद केला. त्यातून धडा घ्यायचा तो हा: अंदाज बांधायला लावणे उद्याच्या तासाला कोणत्याही शिक्षकाला जमेल, पण प्रश्नपत्रिका पाठांतरच मागत राहिली, तर त्याने ते रोज का करावे? म्हणून शाळेला प्रयोगपेटी देणाऱ्यांनी परीक्षेचा नमुनाही त्याच वेळी बदलावा.