खिसा नसलेल्या माणसाचें घड्याळ

वडीलधाऱ्या माणसाच्या पश्चात् त्याचें घड्याळ कोणाकडे जावें, हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत फारशी चर्चा न होतां सुटतो. तें थोरल्या मुलाच्या हातीं येतें, आणि त्याचें मोल किती हें सराफाला विचारण्याचें कोणाच्याहि मनांत येत नाहीं. महात्मा गांधींच्या एका घड्याळाच्या बाबतींत मात्र हा घरगुती प्रश्न न्यायालयापर्यंत गेला.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या शेगांवीं राहावयास आले. याच गांवाला १९४० मध्यें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील दिवस पहाटेच्या काळोखांत प्रार्थनेनें सुरू होई, आणि पुढील प्रत्येक कामाला वेळ नेमून दिलेली असे. वेळ हें परक्याचें धन मानून खर्च करणाऱ्या या पुरुषाच्या मोजक्या वस्तूंत घड्याळ होतें, याचें नवल वाटावयास नको. नवल असलेंच तर तें घड्याळाच्या जातीचें. इंदिरा नेहरूंनीं भेट दिलेलें हें घड्याळ स्वित्झर्लंडच्या झेनिथ कंपनीचें होतें. त्याला गजर होता आणि तबकडीला रेडियमचा लेप. हे शौकिनांचे अलंकार खरे; पण काळोखांत उठणाऱ्याला यांहून उपयुक्त दुसरें काय असणार? घड्याळ मनगटी नसून खिशांत ठेवावयाचें होतें. परंतु पंचा नेसणाऱ्याला खिसा कोठून असावा? गांधीजी घड्याळ दोरीनें कमरेला अडकवीत.

१९४७ मध्यें आगगाडीच्या प्रवासांत कानपूर स्थानकावर तें चोरीस गेलें. अपरिग्रहाचें व्रत घेतलेल्या गांधीजींनीं तें आपणांस प्रिय होतें हें लपविलें नाहीं. घेतांना त्याला चाळीस रुपयांवर किंमत पडली होती, हेंहि त्यांनीं सांगितलें. सुमारें सहा महिन्यांनीं चोर दिल्लीस आला, घड्याळ परत केलें आणि क्षमा मागून गेला.

१९४० च्या मृत्युपत्रानें गांधीजींनीं आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेकडे सोंपविले. मुलांसाठीं इस्टेट अशी ठेवलीच नाहीं. झेनिथ घड्याळ मात्र आभाबेनकडे गेलें. आभा ही बंगालची मुलगी. १९४४ मध्यें गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनु याच्याशीं तिचा विवाह झाला, म्हणजे ती गांधीजींची चुलत नातसून. ३० जानेवारी १९४८ रोजीं सरदार पटेलांशीं चाललेलें बोलणें लांबलें आणि सायंप्रार्थनेची वेळ टळूं लागली. त्या दोघांना अडविण्याचें धैर्य कोणास होईना. तेव्हां आभानेंच गांधीजींचें घड्याळ उचलून त्यांच्यासमोर धरलें. प्रार्थनास्थळीं पोंचावयास त्या दिवशीं उशीर झाला, आणि तेथेंच गोळ्या झाडल्या गेल्या.

५ मार्च २००९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें चष्मा, वहाणा, वाटी आणि ताट यांच्यासह झेनिथ घड्याळाचा लिलांव झाला. दिल्ली उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम निघालेला होता, विक्रेत्यानेंहि ऐन वेळीं माघार घेऊं पाहिली. तरी बोली थांबली नाहीं. वीस ते तीस हजार डॉलर येतील असा ज्या वस्तूंचा अंदाज होता, त्या विजय मल्ल्या यांनीं अठरा लक्ष डॉलरला घेतल्या. वारसा कुटुंबाचा कीं राष्ट्राचा, या वादाला पैशानें असें उत्तर दिलें. तें समाधानकारक होतें असें म्हणवत नाहीं. बोली लावणाऱ्यांना घड्याळाची कांहीं गरज नव्हती, कमरेच्या त्या दोरीची होती. आणि दोरीचें मोल ठरविणें कोणत्या सराफाला साधणार?

२०२० च्या नोव्हेंबरांत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथें गांधीजींचें आणखी एक घड्याळ विकलें गेलें. तें चांदीचा मुलामा दिलेलें आणि मोडकें होतें. गांधीजींनीं तें १९४४ मध्यें आपल्या सेवेंतील एका सुताराला दिलें होतें; त्यानें १९७५ मध्यें नातवाच्या हातीं सोंपविलें. त्याला बारा हजार पौंड आले.