शेगावचे टपाल आणि गांधीजींची कागदपत्रे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेगाव हे नाव उच्चारताच कोणालाही संत गजानन महाराजांचे समाधिमंदिर आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु महात्मा गांधींच्या पत्रव्यवहाराच्या इतिहासातही या गावाला एक लहानसे, काहीसे गमतीचे स्थान आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवरील एका खेड्यात राहावयास गेले. त्या खेड्याचे नाव सेगाव. वर्धा आणि आपले शेगाव ही दोन्ही स्थानके भुसावळ-नागपूर या एकाच लोहमार्गावर आहेत. दोन्ही नावांत फरक एका अक्षराचा, आणि इंग्रजी पत्त्यात तर तोही नाममात्र. परिणामी सेगावची पत्रे शेगावला येऊन पडू लागली. अखेर १९४० साली गांधीजींनी त्या खेड्याचे नाव बदलून 'सेवाग्राम' ठेवले. आज साऱ्या जगाला परिचित असलेल्या या नावामागे शेगावच्या टपालाचा घोटाळा आहे!

एखादे पत्र चुकणे ही एरवी क्षुल्लक बाब. गांधीजींच्या बाबतीत ती तशी नव्हती. त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, सत्तापद नव्हते. काँग्रेसचे सभासदत्वही त्यांनी १९३४ सालीच सोडले होते. शांततेच्या कार्यासाठी त्यांच्या हाती मुख्यत्वे दोन साधने होती, आपले साप्ताहिक आणि आपले पत्र. व्हाइसरॉयला लिहावयाचे पत्र आणि एखाद्या आजारी कार्यकर्त्याला पथ्य सांगणारी चिठ्ठी या दोहोंना त्यांच्या दिनक्रमात सारखाच मान होता. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. १९०९ साली जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिताना त्यांनी तसेच केले होते. सोमवारच्या मौनात संभाषणही चिठ्ठ्यांवर चाले, आणि त्यासाठी आलेल्या पाकिटांची कोरी बाजू उपयोगात येई. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या श्रावकाला यात नवल वाटणार नाही. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई तर काही काळ वर्ध्याहून सेगावला रोज पायी ये-जा करीत.

या कागदांतील दोन पत्रे विशेष विचार करण्यासारखी आहेत. २३ जुलै १९३९ रोजी, महायुद्धाला सव्वा महिना उरला असताना, गांधीजींनी वर्ध्याहून जर्मनीच्या हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. २४ डिसेंबर १९४० रोजी दुसरे, अधिक विस्तृत पत्र लिहिले. त्यात हिटलरच्या कृत्यांचा स्पष्ट निषेध होता, आणि ब्रिटिश साम्राज्यालाही सूट नव्हती. इंग्रज सरकारने ही पत्रे पुढे जाऊ दिली नाहीत. हिटलरला 'मित्र' म्हणून संबोधल्याबद्दल गांधीजींवर तेव्हाही टीका झाली, आजही होते. क्षमापनेच्या दिवशी सर्व जीवांशी मैत्रीचा उच्चार करणाऱ्या समाजाला मात्र ते संबोधन भोळेपणाचे वाटू नये. पत्रांनी युद्ध थांबले नाही, हे खरेच. पण ती लिहिली गेली होती हे आपल्याला कळते ते केवळ त्यांचा मजकूर कोणीतरी जपला म्हणून.

असाच जपलेला आणखी एक पत्रव्यवहार आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्ती स्नेह्यांच्या आग्रहामुळे गांधीजींच्या मनात धर्ममंथन सुरू झाले, तेव्हा त्यांनी श्रीमद् राजचंद्रांना सत्तावीस प्रश्न पाठविले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय असे ते प्रश्न होते. शेवटचा प्रश्न अगदी साधा: साप चावावयास आला तर त्याला चावू द्यावे की मारावे? त्या वेळी श्रीमद् अवघे सव्वीस वर्षांचे होते आणि मुंबईत जवाहिरांचा व्यापार सांभाळीत होते. त्यांनी उत्तर दिले की, देहाची अनित्यता ज्याने जाणली त्याने असार देहासाठी सापाचा प्राण घेणे कसे उचित ठरेल? आणि ज्याची तेवढी तयारी नाही, त्यालाही 'मार' असा उपदेश कसा करावा? खंभातचे अंबालालभाई आदी मुमुक्षूंनी श्रीमद्‌ंची पत्रे मिळवून त्यांच्या प्रती केल्या नसत्या, तर हे उत्तर आपल्यापर्यंत आलेच नसते. गांधीजींना लिहिलेली तीन पत्रे त्यांच्या ग्रंथात आज वाचावयास मिळतात.

लिहिलेले जपणे ही आपल्याकडे धर्मक्रियाच मानली गेली. वऱ्हाडातच कारंजाच्या मंदिरांतील शास्त्रभांडारे श्रावकांनी आणि भट्टारकांनी शतकानुशतके सांभाळली. तेथील हस्तलिखितांची सूची १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांच्या ग्रंथात छापली गेली आणि विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' १९३३ साली संपादून प्रकाशित केले. तोवर हे अपभ्रंश काव्य वेष्टनातच होते.

गांधीजींचे कागद संकलित करण्याचे काम भारत सरकारने १९५६ साली हाती घेतले. पहिला खंड १९५८ साली निघाला आणि शंभरावा १९९४ साली. प्रा. के. स्वामिनाथन यांनी १९६० पासून संपादनाची धुरा वाहिली. एवढ्या परिश्रमानंतर जी सुधारित आवृत्ती काढण्यात आली, तिच्यात मूळ क्रम बदलला गेला आणि शेकडो नोंदी गळाल्या. अभ्यासकांनी आक्षेप घेतला, आणि २००५ साली ती आवृत्ती मागे घेण्यात आली. हेतू वाईट नसेलही. पण जुना कागद 'नीटनेटका' करण्याचा मोह वाळवीइतकाच घातक असतो.

मूळ खंडांत प्रत्येक पत्राच्या माथ्यावर स्थळ आणि तारीख दिलेली आहे. १९३६ नंतरच्या पत्रांवर 'सेगाव' दिसते, १९४० सालात ते जाऊन 'सेवाग्राम' येते. शेगावच्या एखाद्या जुन्या पेटीत त्या चार वर्षांतले चुकून आलेले पाकीट निघाले, तर पत्त्याची बाजू, टपालाचा शिक्का आणि आतला कागद न पुसता, न चिकटविता तसाच सेवाग्राम आश्रमाला किंवा अहमदाबादच्या साबरमती आश्रमाच्या संग्रहालयाला दाखवावा.