अश्रूंचें शुद्धलेखन

अडतीस वर्षें मुलांच्या वह्यांत लाल शाईनें चुका दाखविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें म्हातारपणीं आपलीच एक चूक चारचौघांत वाचून दाखवावी, यांत मला तरी कांहीं वावगें वाटत नाहीं. ही चूक ऱ्हस्वदीर्घाची नव्हती, विभक्तीचीहि नव्हती. ती एका चित्राची होती. आणि तें चित्र माझ्या करंगळीच्या नखाएवढेंहि नव्हतें.

सेवानिवृत्त झालों तेव्हां मुलानें हातांत मोबाइल फोन दिला आणि त्यांत व्हॉट्सॲप घालून दिलें. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. तथापि अक्षरांचें मला भय नव्हतें, आणि मराठी लिहिणेंहि हळूहळू बोटांना वळलें. परंतु त्या अक्षरांच्या शेजारीं एक हसरें बटण असतें. तें दाबतांच पिवळ्या चेहऱ्यांची एक जत्राच उघडते. कोणी डोळा मिचकावतो, कोणी जीभ काढतो, कोणाला शिंगें फुटलेलीं! अशीं तोंडें करणाऱ्यास मी वर्गांत बाकावर उभें करीत असें.

या चित्रांना 'इमोजी' म्हणतात. इंग्रजीतला भावनावाचक 'इमोशन' हा शब्द याचा कोणी आप्त असावा, अशी माझी समजूत होती. चौकशीअंतीं तो शब्द निघाला जपानी : 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजीशीं असलेलें साम्य केवळ योगायोगाचें. १९९९ सालीं शिगेताका कुरिता या तरुणानें एन. टी. टी. डोकोमो नांवाच्या जपानी दूरध्वनि कंपनीसाठीं अशीं १७६ चित्रें तयार केलीं. प्रत्येक चित्र लांबींत बारा ठिपके आणि रुंदींत बारा ठिपके, एवढ्यांतच बसवावयाचें. म्हणजे अवघे १४४ ठिपके! सणासुदीला आमची आई अंगणांत जी रांगोळी काढी, तिला याहून अधिक ठिपके लागत. पण आईच्या रांगोळ्या दुसऱ्या दिवशीं केरसुणीनें झाडल्या गेल्या, आणि कुरिता यांच्या त्या चित्रांना न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २०१६ सालीं आपल्या संग्रहांत जागा दिली.

याच्याहि आधींची एक हकीकत मला फार आवडते. १९८२ च्या सप्टेंबरांतली गोष्ट. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत अध्यापक मंडळी संगणकाच्या फलकावर एकमेकांसाठीं मजकूर लिहून ठेवीत. एकानें थट्टेनें लिहिलेलें दुसरा खरें मानी. तेथल्या लिफ्टमध्यें पारा सांडल्याची एक थट्टा अशीच कोणी कोणी गंभीरपणें घेतली. तेव्हां स्कॉट फालमन यांनीं तोड सुचविली कीं, थट्टा असेल तेथें अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस हीं तीन चिन्हें लागोपाठ लिहावीं. मान कलती करून पाहिलें म्हणजे हसरा चेहरा दिसतो. ज्या अपूर्णविरामाचा उपयोग मुलांना समजावून देतांना माझ्या नाकीं नऊ आले, तो हसूंहि शकतो हें मला तेव्हां कोणीं सांगितलें असतें, तर माझा वर्ग कदाचित् इतक्या लवकर पेंगला नसता.

माझ्या वयाच्या मंडळींचें आवडतें चित्र म्हणजे जोडलेले हात. जगांतल्या साऱ्या लिपींची अक्षरें संगणकासाठीं एका वहींत नोंदून ठेवणारी युनिकोड नांवाची जी व्यवस्था आहे, तींत २०१० सालीं हीं चित्रें शेंकड्यांनीं दाखल झालीं. हे हातहि त्याच वर्षींचे. जपानांत त्यांचा अर्थ विनंति किंवा आभार. पाश्चात्त्यांपैकीं पुष्कळांना त्यांत प्रार्थना दिसते, तर कित्येकांना एकमेकांना टाळी देणारे दोघे गडी. आपल्याकडे मात्र त्यांनीं सबंध मायनाच गिळून टाकला. पूर्वीं पत्र लिहावयाचें तर आधीं नातें ठरवावें लागे. वडिलांस 'तीर्थरूप', बरोबरीच्यास 'सा. न. वि. वि.', धाकट्यास 'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'. चौथीच्या वर्गांत एका मुलानें आपल्या पाळण्यांतल्या बहिणीला शिरसाष्टांग नमस्कार लिहिला, तेव्हां सारा वर्ग हसला होता. आतां तेच दोन हात वाढदिवसाला, तेच वर्गणी मागतांना, तेच श्रद्धांजलीला. 'तुमचें म्हणणें पटलें नाहीं, पण आतां पुरे करा' असें सुचवावयाचें असलें तरीहि तेच. अर्थात् मी तक्रार करणार नाहीं. पत्रांत साष्टांग नमस्कार लिहिणारे तरी कितीसे लोक खरोखर जमिनीवर आडवे होत असत?

दुःखाच्या पत्राला मात्र आमच्या घरीं निराळा नियम होता. त्यावर 'श्री' लिहीत नसत, आणि वाचून होतांच आई तें फाडून टाकी. कार्ड हातीं आलें कीं, एक अक्षरहि वाचण्यापूर्वीं, वरच्या त्या मोकळ्या जागेवरूनच काय तें समजे.

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची पत्नी दीर्घ आजारानें वारली. आम्ही दोघे बावीस वर्षें एका शाळेंत होतों. मधल्या सुट्टींत त्याच्या डब्यांतला निम्मा वांटा माझा असे, आणि वहिनी तो वांटा धरूनच पोळ्या करीत. वार्ता रात्रीं कळली. माझा गुडघा तेव्हां इतका दुखत होता कीं, प्रवास शक्यच नव्हता. फोन करण्याचा धीर होईना. आवाज फुटला नसता. म्हणून लिहिलें, 'वहिनी गेल्या. आतां तुला मी काय सांगूं?' पुढें हात अडला. शब्द अपुरे वाटले, म्हणून त्या जत्रेंत शिरलों आणि डोळ्यांत पाणी असलेला एक चेहरा शोधून काढला. एक थोडा वाटला, तीन पाठविले.

चार दिवस उत्तर नाहीं. मजकुरापुढें दोन निळ्या खुणा उमटल्या होत्या, म्हणजे त्यानें तो वाचला होता. पांचव्या दिवशीं माझी नात शेजारीं बसली असतां तिची दृष्टि त्यावर गेली.

"आजोबा, हें काय पाठवलंत तुम्ही? हा रडत नाहीं, हसतोय. हसून हसून पाणी आलंय त्याच्या डोळ्यांत!"

चष्मा पुसून पाहिलें. दांत दिसत होते. डोळ्यांच्या कडेला दोन टपोरे थेंब होते खरे, पण दांतांकडे माझें लक्षच गेलें नव्हतें. युनिकोडमध्यें त्याचें नांवच 'आनंदाश्रूंचा चेहरा' अशा अर्थाचें आहे, आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं २०१५ सालचा 'वर्षाचा शब्द' म्हणून हेंच चित्र निवडलें होतें, असें तिनें मला वाचून दाखविलें. खरा रडणारा चेहरा त्याच जत्रेंत थोडा पलीकडे होता. त्याच्या गालांवरून पाण्याचे पाट वाहत होते. पाठविलेला मजकूर परत पुसण्याची सोय असते, परंतु तिची मुदत केव्हांच टळली होती.

दुसऱ्या दिवशीं गुडघ्याला पट्टा बांधून एस. टी. नें त्याच्या गांवीं गेलों. वाटेंत क्षमेचें वाक्य मनाशीं चार वेळां घोटलें. वहिनींच्या तसबिरीला हात जोडले, त्याच्याजवळ बसलों आणि तें वाक्य एका दमांत म्हणून टाकलें.

"कोणता चेहरा?" त्यानें विचारलें.

मीं दाखविला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानें स्वतःचा फोन उघडून माझ्यापुढें धरला. सांत्वनाचे कितीतरी मजकूर आले होते आणि बहुतेकांना त्यानें शिस्तींत उत्तर दिलें होतें : 'आभारी आहें.' आणि त्यापुढें तोच चेहरा. विहिणीला तोच. जुन्या विद्यार्थ्यांना तोच. शिक्षणाधिकाऱ्यांनाहि तोच.

"मलाहि तो रडतोयसाच वाटला रे," तो म्हणाला. "तुला तेवढं उत्तर दिलं नाहीं. तुला नुसतं 'आभारी आहें' कसं लिहायचं, म्हणून राहिलं."

त्याचे खांदे हलूं लागले. मला वाटलें, इतक्या दिवसांचा बांध फुटला. पण तो हसत होता. मग मलाहि आवरेना. सूनबाई चहा घेऊन आली ती दारांतच थबकली. काय बोलावें हें तिला सुचेना.

निघतांना मीं विचारलें, "बाकीच्यांना कळवायचं का?"

"राहूं दे," तो म्हणाला. थोडें थांबून पुन्हां म्हणाला, "शिक्षणाधिकाऱ्यांना तेवढं..." आणि मग, "नको, त्यांनाहि नको."

एस. टी. सुटते न सुटते तोंच फोन वाजला. त्याचाच मजकूर होता. त्यांत चित्र एकहि नव्हतें. 'सा. न. वि. वि. पोहोंचल्याचें कळव. गुडघ्याला जप.'